शिवणीतली अक्षरं

परवा एका ब्लॉगवाल्या मैत्रिणीचा मेल आला. तिच्या आजोळी माळ्यावर जुन्या वह्यांचं बोचकं सापडलंय आणि ते स्कॅन करायचंय. "तू मागे असलं काहीतरी केलं होतंस ना? कोणता स्कॅनर घेऊ?" एवढाच प्रश्न. मी उत्साहानं उत्तर टंकलं, "काचेच्या कडेपर्यंत स्कॅन करणारा घे," आणि पाठवून दिलं. मग लक्षात आलं की या एका ओळीपर्यंत पोचायला आमच्या घरात आठ महिने, दोन भांडणं आणि न्यू जर्सीहून आलेली एक बॅग लागली होती. तिला नुसती ती ओळ सांगून काय कळणार? म्हणून ही पोस्ट. घरच्यांपैकी जे वाचत असतील त्यांनी काही चुकलं असल्यास कळवावं, पण फोन करून ओरडू नये :-)

तर आधी वही.

माझ्या पणजोबांचं नाशिकला भांडी बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं छोटंसं दुकान होतं. त्यांची शके १८१५ ते १८३४, म्हणजे साधारण १८९३ ते १९१२ या काळातली एक वही आमच्याकडे उरली आहे. आकार शाळेच्या मोठ्या वहीएवढा, जाडी मात्र विटेसारखी. दोनशे बारा पानं. लिपी मोडी, शाई काजळाची. दुकानाच्या मोठ्या चोपड्या कधीच रद्दीत गेल्या, पण ही घरखर्चाची वही. किराणा, लुगडी, मुंजी, बाळंतपणं, वैद्य, श्राद्धं... जे जे घडलं ते पैशाच्या रूपात तिच्यात आलं आहे. पणजोबांनी मनातलं असं एक वाक्यही लिहिलेलं नाही. पण कोणाच्या बारशाला किती गूळ आणला आणि कोणाच्या बारशाला आणलाच नाही, हे वाचलं की पुष्कळ कळतं.

नाशिककरांना पुराची गोष्ट वेगळी सांगायला नको. गोदावरीचं पाणी किती चढलं ते आपण फुटात मोजत नाही, दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. १९६९ च्या सप्टेंबरात तर आजोबा सांगायचे की मारुती दिसतच नव्हता. पाणी भांडी बाजारात आणि सराफ बाजारात शिरलं, दुकान बुडालं, आणि मागच्या खोलीतल्या पेटीत ही वही होती. दोन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा वहीची शिवण सुटून फर्मे वेगळे झाले होते. काजळाची शाई उन्हानं उडत नाही, पण पाण्यानं पसरते. पानांच्या बाहेरच्या कडांवर सगळीकडे करडे ढग उमटले.

आजोबांनी पानं दोरीवर वाळत घातली (हे दृश्य आत्याला अजून आठवतं, ती तेव्हा कॉलेजात होती) आणि नंतर एका बाइंडरकडे नेऊन वही पुन्हा बांधून घेतली. पुस्तक बांधायची चांगली रीत म्हणजे जुजबंदी. प्रत्येक फर्मा त्याच्या घडीतून शिवायचा आणि मग सगळे फर्मे एकमेकांना गुंफायचे. अशी वही कुठेही उघडा, सपाट पडते. पण भिजलेल्या पानांच्या घड्याच फाटल्या होत्या, त्यामुळे जुजबंदी करणार कशाची? बाइंडरनं सुटी पानं एकावर एक रचली, कडेनं आरपार भोकं पाडली आणि जाड दोऱ्यानं टाके घातले. वही वाचली. फक्त प्रत्येक पानाची आतली बोटभर पट्टी त्या टाक्यांच्या बाजूला कायमची दडली.

आता इथे जरा थांबून एक गंमत सांगायची आहे, कारण स्कॅनरचा सगळा घोळ तिच्यातच आहे.

आपल्याकडे लिहिलेल्या कागदाला पाठ नसायची. पोथी घ्या. सुटी आडवी पानं, खालीवर लाकडी फळ्या, वर कापडाचं बासन. दफ्तरातले कागद घ्या. तेही सुटेच, गठ्ठा करून फडक्यात बांधलेले, म्हणून तर त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. त्याच्या आधी वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरं धुंडाळत होते आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी छापून काढला. या मंडळींपुढे वाळवी होती, ओल होती, कागद दाखवायला नकार देणारे मालक होते. पण सुट्या कागदांपुरता तरी शिवणीचा त्रास नव्हता. कागद हातात घेतला की चारी कडांपर्यंत दिसतो.

छपाई आली तरी ही सवय लगेच सुटली नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं ते १८३१ सालचं. (शाईत चरबी असेल म्हणून लोक छापील धर्मग्रंथाला शिवणार नाहीत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरलं, ही कथा बहुतेकांना ठाऊक असेल.) त्या काळात छापील पोथ्याही सुट्या पानांच्या निघत, हाताने लिहिल्यासारख्या. मग हळूहळू शिवलेलं पुस्तक घरोघरी आलं. आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. आज आपल्याला वाचनालय म्हटलं की कपाटात उभी पुस्तकं आणि त्यांच्या पाठीवरची नावंच दिसतात, पण पाठ असलेलं पुस्तक ही मराठी घरात तशी नवीच वस्तू.

व्यापाऱ्यांच्या वह्या मात्र शिवलेल्याच असत, कारण सुट्या कागदावरच्या हिशेबाला काय किंमत? पान बदलता येऊ नये म्हणून तर शिवण. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होते ती कोऱ्या, शिवलेल्या वह्यांचीच. म्हणजे जी शिवण हिशेब खरा ठेवण्यासाठी, तीच आम्हाला पुढे नडली.

नडली ती अशी. १९९४ साली काकांनी वहीची झेरॉक्स काढून घेतली. वही यंत्रावर पालथी घातली की मधला भाग काचेपासून वर उचलला जातो आणि तिथे काळी सावली पडते. दुकानातल्या मुलानं दाबून दाबून झेरॉक्स काढली (काही टाके तेव्हाच सुटले), तरी प्रत्येक पानाची आतली पट्टी काळीच. काकांनी मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडून ते सगळं बाळबोधात उतरवून घेतलं. त्या बिचाऱ्यांनी जिथे दिसलं नाही तिथे प्रामाणिकपणे टिंबं दिली.

आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. त्यामुळे उघडलेल्या वहीत उजव्या पानावरच्या ओळींची सुरुवात शिवणीत जाते आणि डाव्या पानावरच्या ओळींचा शेवट. हिशेबाच्या वहीत याचा अर्थ काय होतो पाहा. उजव्या पानांवर माणसांची नावं आणि तिथ्या गेल्या, डाव्या पानांवर रकमा गेल्या. त्यातून जुनी रक्कम लिहायची पद्धत अशी की रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. २। आणि २॥। यांत फरक आठ आण्यांचा, आणि तो फरक नेमका सावलीत.

मोडीनं त्यात आणखी भर घातली. मोडी लिहिताना आधी अख्ख्या ओळीची रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, हात शक्य तितका न उचलता. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही. बाळबोध लिपीत ओळीची पहिली दोन अक्षरं गेली तर पुढच्या शब्दावरून सावरता येतं. मोडीत शब्द कुठे सुरू झाला हेच कळत नसेल तर पुढची चार अक्षरंही हातची जातात. कागद वाचवायचा म्हणून पणजोबांनी रेघ ओढली ती पार घडीपासून. समास सोडण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

तर त्या टिंबांतून आमच्या घराण्याचा इतिहास तयार झाला. एका ठिकाणी '...राम यास' इतकंच होतं. काकांनी ठरवलं सखाराम. तुकाराम, आत्माराम, बळीराम, गंगाराम, काहीही असू शकलं असतं. पण माझ्या चुलतभावानं, म्हणजे अमेरिकेतल्या दादानं, २००२ च्या सुमारास वंशवृक्ष कॉम्प्युटरवर चढवला तेव्हा सखाराम हे नाव पक्क्या अक्षरांत बसलं आणि मग नातेवाइकांत मेलनं फिरलं. एकदा टाइप झालेली गोष्ट खरीच वाटते. दुसऱ्या एका चौकोनात दादानं लिहिलं होतं 'नाव माहीत नाही'.

तो चौकोन पणजोबांच्या पहिल्या बायकोचा.

आम्ही सगळे दुसऱ्या बायकोची पतवंडं. पहिली लवकर गेली, मूल नव्हतं, एवढंच ठाऊक. तिचं नाव कोणालाच माहीत नाही, देवघरात टाक नाही, श्राद्धात उच्चार नाही. झेरॉक्समध्ये शके १८२१ च्या एका उजव्या पानावर '...बाई इचे क्रियेस' असं शीर्षक आणि खाली खर्च. तांदूळ, तीळ, तूप, गोदान, ब्राह्मणभोजन. ती आमच्या घराच्या इतिहासात येते ती अशी, खर्चाच्या बाजूला, आणि नावाच्या जागी टिंबं.

मी पंचवटीत आमच्या मूळ गावाच्या तीर्थोपाध्यायांकडेही जाऊन आले. आमची मंडळी नाशिकची नव्हेत, संगमनेरकडून आलेली. त्यामुळे पणजोबांच्या आधीचे लोक इथे यात्रेकरू म्हणून येऊन गेलेले. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि पाच मिनिटांत वही काढली. पणजोबांच्या आजोबांची सही पाहिली तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मजा म्हणजे त्यांची वही आमच्या वहीच्या तिप्पट जाड, अर्धवटच उघडायची, पण शिवणीतलं जे दिसत नव्हतं तेही गुरुजी घडाघडा वाचत होते. म्हटलं, कसं दिसतं तुम्हाला? म्हणाले, दिसत नाही, पाठ आहे. पुरुषांची नावं पाच पिढ्यांची निघाली. पण आमच्या त्या पानावर बायकांची दोनच होती आणि ती आमची नव्हे.

२००८ च्या सप्टेंबरात पुन्हा पूर आला. पाणी पुन्हा भांडी बाजारात. वही तोवर आत्याच्या घरी, तीही जुन्या नाशकात, तळमजल्यावर. आत्यानं पेटी स्वतः जिन्यावरून वर नेली, वयाच्या साठीत. दुसऱ्या दिवशी फोनवर दादा म्हणाला, आता बास, हे स्कॅन करून टाकू.

माझ्याकडे तेव्हा घरगुती स्कॅनर होता, पातळ, वहीसारखा, यूएसबीच्याच विजेवर चालणारा. त्यावर वही पालथी घातली तर झेरॉक्सपेक्षाही वाईट. मधला भाग नुसता काळाच नाही तर धूसरही. तेव्हा मी वाचायला बसले आणि कळलं ते असं. स्कॅनरमध्ये दोन जाती असतात. एकात काचेच्या अगदी खाली संवेदकांची पट्टी सरकते, तिला सीआयएस म्हणतात. कागद काचेला टेकला असेल तरच तिला स्वच्छ दिसतं, जरा वर उचलला की धुकं. दुसऱ्यात आरसे आणि भिंग असतं आणि प्रतिमा सीसीडीवर पडते. तो स्कॅनर जाड आणि जड, पण काचेपासून थोडं वर असलेलंही त्याला दिसतं. पातळ दिसला म्हणून मी घेतला होता, तोच नेमका पुस्तकाच्या कामाचा नव्हता.

पण सीसीडीवाला आणला तरी दुसरी अडचण राहतेच. काचेच्या चारी बाजूंना प्लॅस्टिकची चौकट असते, चांगली दीड-दोन सेंटिमीटरची. आतली दांडी ज्या रुळांवरून धावते ते रूळ, काच धरणारा खाचा, या सगळ्याला बाजूला जागा लागते. ऑफिसातला सुटा कागद ठेवायचा असेल तर चौकटीनं काही बिघडत नाही. पुस्तकाला मात्र ती चौकट म्हणजे उंबरठा. पान काचेवर आणि शिवण उंबरठ्यावर अडकलेली.

या यंत्राचा इतिहास पाहिला तर यात एक विनोद आहे. कॉम्प्युटरमध्ये पहिलं चित्र स्कॅन केलं रसेल कर्श यांनी, १९५७ साली अमेरिकेत. त्यांच्या तान्ह्या मुलाचा फोटो, पाच सेंटिमीटर चौरस, १७६ गुणिले १७६ ठिपके. फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळून केलेलं काम ते. सीसीडीची कल्पना १९६९ सालची, बेल लॅबमधली. आणि १९७६ साली रे कुर्झवाइल यांनी सीसीडी वापरून सपाट काचेचा स्कॅनर बनवला तो कशासाठी? अंध माणसांना छापील पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या यंत्रासाठी. म्हणजे पुस्तक वाचायला आलेलं यंत्र ऑफिसात नोकरीला लागलं आणि पुस्तक विसरलं.

आता घरातलं भांडण. काकांचं म्हणणं सरळ होतं. वहीचे टाके कापायचे, पानं सुटी करायची, एकेक स्कॅन करायचं, मग पुन्हा बांधून घ्यायची. दादाचं तर म्हणणं, कडेची पट्टी कटिंग मशीननं उडवली तर पानं आपोआप सरकणाऱ्या स्कॅनरमधून दहा मिनिटांत काम होईल. अमेरिकेत असं करतात म्हणे. (करतात. पण ती दुसरी प्रत मिळणारी पुस्तकं असतात.) आणि जी पट्टी उडवायची तिच्यावरच अक्षरं आहेत, हे त्याच्या लक्षात यायला मला फोनवर अर्धा तास लागला.

टाके उसवण्याला आत्याचा ठाम नकार. "ते टाके भाऊंनी घालून आणलेत," म्हणाली. भाऊ म्हणजे आमचे आजोबा. "पुराच्या वर्षी दुकानात घालायला पैसे नव्हते, तरी आधी वही बांधून आणली. तुम्हाला वाचायचंय तर वाचा, पण ते उसवायचं नाही." काका तिला समजावायला गेले आणि दोघं तीन आठवडे बोलले नाहीत. मला दोघांचंही पटत होतं. एक जुने बाइंडर दाखवायला घरी आणले. त्यांनी पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि आत्याच्याच बाजूनं बोलले. "भिजून वाळलेला कागद आहे ताई, भोकांपाशी कुजलाय. दोरा ओढला की पट्टी हातात येईल."

तेव्हा दादाला कुठेतरी कळलं की पुस्तकांसाठी वेगळे स्कॅनर निघाले आहेत. प्लस्टेक या तैवानच्या कंपनीची ऑप्टिकबुक नावाची मालिका तेव्हा होती, आणखीही एक-दोघांचे होते. (आम्ही कोणता घेतला ते लिहीत नाही. ते मॉडेल आता मिळत नाही आणि मला जाहिरात करायची नाही.) यात काच एका लांब बाजूला थेट यंत्राच्या कडेपर्यंत येते, चौकट नाही. टेबलाच्या काठावर पुस्तक ठेवावं तसं ठेवायचं. एक पान काचेवर सपाट, दुसरं पान काठावरून खाली लोंबणारं. पुस्तक पूर्ण उघडावंच लागत नाही, काटकोनात उघडलं तरी पुरतं. आमच्या वहीसाठी तर याच्यापेक्षा दयाळू यंत्र शोधून सापडलं नसतं.

पण "कडेपर्यंत" या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. काच कडेपर्यंत असली तरी दिसणारं चित्र कडेपर्यंत असेलच असं नाही, थोडी आंधळी पट्टी राहतेच. मी वहीत ठिकठिकाणी मोजलं. बहुतेक पानांवर शिवणीच्या दोऱ्यापासून आठ-दहा मिलिमीटरवर अक्षरं सुरू होत होती. म्हणजे आंधळी पट्टी त्याहून कमीच हवी. दादानं यावर झकास युक्ती केली. त्याच्या ओळखीच्या एकाकडे असा स्कॅनर होता. तिथे जाऊन त्यानं प्लॅस्टिकची फूटपट्टी काचेवर ठेवली, शून्याची रेघ यंत्राच्या कडेला बरोबर जुळवून, आणि स्कॅन करून मला मेल केलं. चित्रात पहिली दिसणारी रेघ सातव्या मिलिमीटरची. सात! माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो, फूटपट्टी खोटं बोलत नाही. २००९ च्या मेमध्ये दादा आला तो बॅगेत कपडे कमी आणि स्कॅनर घेऊन.

काम आत्याच्याच घरी केलं, कारण वही घराबाहेर जाणार नाही ही तिची दुसरी अट. आधी सगळी उजवी पानं एका दमात, मग वही उलटी फिरवून सगळी डावी. डावी पानं पडद्यावर डोक्यावर उभी दिसतात, ती नंतर सॉफ्टवेअरनं सरळ करायची आणि क्रमानं लावायची. ठिपके ४०० डीपीआय, आणि रंगीत. काळंपांढरं नाही, कारण काळ्यापांढऱ्यात पुराचा डाग आणि शाई एकच होऊन बसतात, रंगीत असेल तर डाग पिवळट करडा आणि शाई काळी असं वेगळं काढता येतं. एक पान न दाबता सुमारे ३० एमबीचं. सगळी वही दोन डीव्हीडींवर मावली. वहीवर जोर द्यायचा नाही, झाकण काढून ठेवायचं, पानावर काळा कागद आणि त्याच्यावर उशी. उशी आत्याची कल्पना. रोज दोन तास, नऊ दिवस.

आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसली जिची आम्ही कोणीच कल्पना केली नव्हती. पानांची बाहेरची कड पुरानं खाल्लेली, बोटांनी मळलेली. पण शिवणीजवळची ती दडलेली पट्टी कोरी करकरीत. तिथे पाणी कमी पोचलं होतं, पुढे चाळीस वर्षं ऊन नाही, बोटं नाहीत. बोरूचा फराटा कुठे टेकला, कुठे उचलला तेही दिसत होतं. अख्ख्या वहीतली सगळ्यात स्वच्छ अक्षरं नेमकी तिथे होती जिथे काळी सावली पडत होती.

मी तोवर दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला होता, म्हणजे अडखळत का होईना वाचता येत होतं. सखाराम हे सखाराम नव्हतेच. आत्माराम निघाले, आणि ते आमचे नातेवाईक नसून चुन्याचे व्यापारी होते. दादाला एक अख्खी फांदी वंशवृक्षावरून कापावी लागली. काका म्हणाले, मला आधीपासूनच शंका होती.

शके १८२१ चं पान सहाव्या दिवशी आलं. मी पडद्यावर मोठं केलं, शीर्षकाच्या आधीची तीन अक्षरं अगदी काठाला होती, पहिलं अक्षर अर्धं कापलेलं. उरलेलं अर्धं मी विजेरी लावून वहीत डोळ्यांनी वाचलं, आता काय शोधायचं ते माहीत होतं म्हणून जमलं. मोठ्यानं म्हटलं. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली, "पुन्हा म्हण" म्हणाली. पुन्हा म्हटलं. मग ती खुर्चीत बसली आणि त्या पानावरचा खर्च मला एकेक करून वाचायला लावला. डाव्या पानावरच्या रकमाही आता दिसत होत्या. सगळी बेरीज त्या वर्षाच्या एखाद्या महिन्याच्या घरखर्चाहून जास्त. तो छप्पन्नच्या दुष्काळाचा काळ, आधीच्या पानांवर ज्वारीचे भाव चढत गेलेले दिसतात. "केलं हो तिचं नीट," आत्या म्हणाली. बराच वेळ ती त्या रकमेवरच बोट ठेवून होती.

नाव इथे लिहीत नाही. ते ब्लॉगवर घालायचं नाही ही आत्याची तिसरी अट होती. घरच्यांना तेव्हाच मेल केलं आहे, ज्यांना मिळालं नसेल त्यांनी मागावं. दादाच्या चौकोनात ते आता आहे. पुढच्या पितृपक्षात भटजींना ते सांगितलंही.

आता मैत्रिणीसाठी. आजकाल फोननंही पानं चांगली टिपता येतात आणि वाकलेलं पान सरळ करून देणारी ॲप्स आहेत. वही सपाट उघडत असेल तर स्कॅनर घेऊच नकोस, फोन आणि चांगला उजेड पुरे. सुटे कागद असतील तर कोणताही साधा स्कॅनर चालेल. पण कडेनं आरपार शिवलेलं असेल तर फोनलाही फटीतलं दिसत नाही. तेव्हा आधी वहीत शिवणीपासून अक्षरापर्यंत मोज, मग दुकानात फूटपट्टी घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. आमचा स्कॅनर अजून चालतो, पण त्याचा ड्रायव्हर नव्या कॉम्प्युटरवर बसत नाही म्हणून एक म्हातारा लॅपटॉप त्याच्या सोबतीला ठेवला आहे. नाशिकला आलीस तर दोन्ही घेऊन जा, पण परत आण.

आणि हो, सगळं काही वाचून झालेलं नाही. वहीत चार पानं अशी आहेत की अक्षरं थेट दोऱ्याच्या खाली गेली आहेत. त्यातल्या एका पानावर शके १८२२ च्या मार्गशीर्षातला काहीतरी मोठा खर्च आहे, आकडा दिसतो, कशाचा ते दिसत नाही. काकांच्या मते दुकानाचं कर्ज, माझ्या मते दुसरं लग्न. मागच्या दिवाळीत मी आत्याला विचारलं, तेवढा एक टाका उसवू का? तिनं वही घेतली, फडक्यात बांधली आणि कपाटात ठेवली.